सुईणीच्या वाटेचा अडसर

शके सतराशे एकोणचाळीस, फाल्गुन वद्य चतुर्थी. काळंबगडाच्या पश्चिम कड्यावर उजाडू लागले तेव्हा खालच्या करंजखोऱ्यात अजून धुके भरलेले होते, आणि त्या धुक्यातून एकेक करून आरळा नदीची वळणे, नाचणीसाठी भाजून ठेवलेली काळी रानं, कोळ्यांच्या वाड्या आणि फुललेल्या पळसांचे शेंडे वर येत होते. एवढे सगळे रोजच्यासारखेच होते. रोजच्यासारखे नव्हते ते गडाच्या तीन अंगांना पडलेले टोपीकरांचे पांढरे तंबू आणि महादरवाजासमोर ओढून आणलेल्या चार तोफा. पुण्याचे निशाण उतरून महिने लोटले होते, आसपासचे गड एकामागून एक रिकामे होत होते, आणि काळंबगड मात्र सतराव्या दिवशीही दार लावून बसला होता.

त्या पहाटे मागच्या बुरजावर एक गृहस्थ वाऱ्याशी झोंबत एक हिरवे लुगडे काठीला बांधीत उभा होता. खंडो नीळकंठ, गडाचा चिटणीस. पन्नाशी उलटलेली, बोटांना जन्माची शाई, आणि लुगड्याला गाठ मारण्याचा सराव शून्य, त्यामुळे गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली तेव्हा त्याने खाली आरळवाडीकडे पाहून हात जोडले. बाळंतपणाला माहेरी आलेल्या त्याच्या एकुलत्या एका लेकीला, सगुणेला, पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. तिचा नवरा पुण्याच्या फौजेबरोबर गेला होता, त्याचा पत्ता नव्हता.

काळंबगडाची एक रीत होती. बाई अडली की घरातली कुलपे काढायची, पेट्या उघडायच्या, गाठी सोडायच्या, हे घरोघरी करतात. पण काळंबगडाने आपली मागची चोरदिंडीसुद्धा त्यात धरली होती. दिंडीचा खैराचा जाड अडसर काढून तो बाळंतिणीच्या बाजेखाली नेऊन ठेवायचा. मूल रडले की घरच्या वडील माणसाने तो उचलून पुन्हा दिंडीला घालायचा. तोवर दिंडी सताड उघडी, आणि पहारेकरी दहा पायऱ्या वर, हत्यारे खाली ठेवून, दाराकडे पाठ करून बसलेले, कारण येणाऱ्या सुईणीवर पुरुषाची नजर पडू नये. सुईण पायथ्याच्या आरळवाडीत राही. बुरजावर हिरवे लुगडे दिसले की ती बांबूच्या बनातली अवघड वाट चढू लागे, म्हणून त्या वाटेचे नावच सुईणीची वाट. मागे दोनदा गडाला वेढा पडला होता, पण तेव्हाही रीत मोडली नव्हती. शत्रू तेव्हा शेजारचाच असे, आणि त्याच्याही घरी बाळंतिणी असत.

दिवस कासराभर वर आला तोच पांढरे निशाण घेऊन टोपीकरांचा हरकारा महादरवाजाशी आला. किल्लेदार हैबतराव सणस सदरेवर बसले होते, डाव्या खांद्याला परवाच्या गोळीची पट्टी. खलिता मोडीत होता. चिटणिसाने कमरेची चाळिशी काढून डोळ्यांवर चढवली आणि वाचायला घेतले.

कप्तान मर्विन साहेबाने लिहिले होते की, बुरजावर हिरवे लुगडे पाहिले. गडावर कोणी माउली अडली आहे असे समजून अंतःकरणास चिंता वाटली. लढाई पुरुषांची, तीत बायकांचे काय काम. सबब सुईणीस आमच्या चौकीवर कोणी अडवणार नाही, तिने निर्धास्त जावे. आणि शेवटी एक ओळ होती: ‘पर्जन्याची वाट आणि बाळंतिणीचे दार कोणी अडवू नये, ही आपल्या मुलखाची थोर म्हण आम्हांस मान्य आहे.’

“शत्रू असावा तर असा,” हैबतराव म्हणाले. सदरेवरच्या चार माणसांनी मान डोलावली.

चिटणिसाने कागद गुडघ्यावर टेकवून शेवटची ओळ पुन्हा वाचली. कारण ही म्हण करंजखोऱ्यात कोणी म्हणत नव्हते. कोणाच्या आज्यापणज्यानेही ती कधी म्हटली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात, ओटीवर बसून, मजकूर जरा खुलावा म्हणून, ती त्याने स्वतः रचली होती.

तो हिवाळा त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा. मर्विन साहेब तेव्हा फौज घेऊन नव्हे, पुण्याचा परवाना घेऊन झाडपाला गोळा करीत आणि जुने शिलालेख उतरवीत खोऱ्यात आला होता. मराठी बऱ्यापैकी बोले, जोडे काढून ओटीवर बसे. तो एकदा म्हणाला की, आमच्या विलायतेत या मुलखाविषयी एवढेच ठाऊक आहे की इथे डोंगर आहेत आणि डोंगरात लुटारू आहेत. चिटणीस, तुम्ही लिहा, म्हणजे जगाला कळेल इथे कोण माणसे राहतात. चिटणिसाने जन्मभर दुसऱ्यांची पत्रे लिहिली होती, दुसऱ्यांच्या सांगण्यावरून, दुसऱ्यांच्या शिक्क्याखाली. स्वतःचे असे काही लिहा असे कोणी म्हटलेच नव्हते. तो भुलला. माणूस द्रव्याला भुलतो तसा तो कौतुकाला भुलला, आणि द्रव्याला भुललेला निदान कधीतरी लाजतो.

चार महिने त्याने करंजखोऱ्याची हकीकत लिहिली. आरळा कुठे उगम पावते, कोणत्या रानात कोणते भात पिकते, काळंबगड कोणी बांधला, कोणत्या घराण्याने तो कितीदा राखला, कोळी आपल्या देवाला काय वाहतात, लग्नात काय गातात. सगुणा तेव्हा पंधरा वर्षांची. ती शाई करून द्यायची, लिहिलेले वाचून दाखवायची आणि चुका काढायची. शहाणपणही केले होते त्याने. तोफा किती, दारू किती, कोठारात धान्य किती, शिबंदी किती, याचा एक शब्द लिहिला नव्हता. शेवटचे पान झाले तेव्हा सगुणा म्हणाली, “आबा, सुईणीची वाट राहिली की.” तिची आई पुढे वारली, पण तेव्हा याच गडावर, याच सोनाई सुईणीच्या हाती, तिला घेऊन सुखरूप उठली होती. खरेच की, असे म्हणून चिटणिसाने रीत लिहिली, लुगडे लिहिले, अडसर लिहिला, पाठ करून बसलेले पहारेकरी लिहिले, आणि शेवटी ती म्हण जोडली. साहेबाने दोन्ही हातांनी वही घेतली, डोळ्यांना लावली आणि बदल्यात ही विलायती चाळिशी दिली.

त्याच चाळिशीतून तो आता खलिता वाचीत होता.

“राव,” तो म्हणाला, “सदर रिकामी करावी.”

माणसे उठून गेल्यावर त्याने पागोटे काढून किल्लेदाराच्या पायाशी ठेवले आणि काही न लपवता सारे सांगितले. साहेबाला रीत ठाऊक आहे, ती मी सांगितली. सुईणीला वाट दिली ती दयेने नव्हे. तिच्या मागून माणसे येतील, आणि दिंडी उघडी आहे.

हैबतरावांनी पागोट्याकडे पाहिले. फितुरीची शिक्षा काय असते हे दोघांनाही माहीत होते. पण लहानपणी दोघे एकाच पंतोजींच्या छडीखाली बसलेले, आणि आपल्यासमोर फितूर नव्हे, एक मूर्ख बसला आहे, हे किल्लेदाराला दिसत होते.

“माणसे किती देऊ तुम्हांला?” ते म्हणाले. “साठ उरली आहेत. महादरवाजाचा उजवा बुरूज काल ढासळला. तिथून दहा जरी काढली तरी समोरून शिरतील. दिंडीवर धावजी नाईक नि त्याची तीन पोरे, एवढीच.”

“उघड्या दारात चार माणसे टिकणार नाहीत.”

“नाही टिकणार. दिंडी लावावी लागेल.” हैबतरावांनी मान दुसरीकडे वळवली. “पण तो हुकूम मी देणार नाही, चिटणीस. सगुणा माझ्या मांडीवर खेळली आहे. अडसर घरच्या वडील माणसाने उचलायचा असतो. आणि हे पागोटे उचला. जिवंत राहिलो तर त्याचा निवाडा करू.”

दुसरे एखादे लाकूड घालता आले असते, असे कोणी म्हणेल. चिटणिसानेही सदरेवरून घरापर्यंत जाताना हेच शोधले. पण सतरा दिवसांत गडावरचे लाकूड अर्धे चुलीत आणि अर्धे महादरवाजाच्या टेक्याला गेले होते. घरांची आढी काढलेली, पाळणे मोडलेले. गडावर जाडजूड असे एकच लाकूड उरले होते, आणि ते कुठे होते हे त्याला ठाऊक होते.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जाऊ नये. दोघी म्हाताऱ्या बायकांनी त्याला दारातच अडवले. सोनाई आली का, असे त्यांनी विचारले. मूल आडवे आहे, आम्हांला काही सुधरत नाही, असे म्हणाल्या. तो त्यांना बाजूला सारून आत गेला. सगुणा बाजेवर कुशीवर होती, कपाळाला केस चिकटलेले, आणि तिचा एक हात बाजेखाली जाऊन त्या खैराच्या लाकडावर टेकलेला होता. बायका सांगतात की त्याला हात लावला की बळ येते.

तो गुडघ्यांवर बसला. काय बोलायचे ते त्याने वाटेत जुळवले होते, पण त्याआधी तिनेच विचारले, “काय झालं, आबा?”

त्याला लेकीशी खोटे बोलता आले नाही. दोन वाक्यांत त्याने सांगितले.

सगुणेला एक कळ आली आणि गेली. मग ती म्हणाली, “मीच म्हटलं होतं ना, ते लिहा म्हणून.”

“तू लहान होतीस. लिहिलं मी.”

“गडावर पोरं किती आहेत, आबा?”

“असतील चाळीसेक.”

तिने लाकडावरचा हात काढून घेतला. “न्या,” ती म्हणाली. “पण सोनाई आत येईतो थांबता आलं, तर थांबा.”

त्याने अडसर ओढला. तो इतका जड असेल असे त्याला वाटले नव्हते. म्हाताऱ्यांपैकी एकीने त्याच्या अंगरख्याला धरले आणि शिव्या दिल्या, दुसरी भिंतीकडे तोंड करून रडू लागली. तो अडसर खांद्यावर घेऊन निघाला तेव्हा गडावरच्या बायका दारादारांतून त्याच्याकडे पाहत होत्या, आणि एकीनेही पदर सारखा केला नाही. मूल रडल्याचे कोणी ऐकले नव्हते.

दिंडीवर धावजी नाईक मेंगाळ रिवाजाप्रमाणे दाराकडे पाठ करून बसला होता. सोनाई त्याची थोरली बहीण. चिटणिसाच्या खांद्यावरचा अडसर पाहून तो आनंदाने उठला. मूल झाले असेच त्याला वाटले. खरे कळल्यावर त्याने कमरेचा कोयता हातात घेतला, दाराशी गेला आणि उंबऱ्यातून वाकून खाली पाहिले.

वाट शेवटच्या वळणापर्यंत बांबूच्या बनातून येते. त्या वळणावर सोनाई दिसली. काठी टेकीत, पाठीला औषधांचे गाठोडे, दर चार पायऱ्यांनी थांबून दम घेत. आणि तिच्या मागे, वारा पडलेला असताना, बांबूचे शेंडे हलत होते.

“लय जवळ हायेत,” धावजी म्हणाला. “ती धा पायऱ्या चढंल तवर ते वीस चढतील.”

चिटणीस फळी लोटून, अडसर हातांत धरून उभा राहिला. एक फट ठेवली होती. थांबता आलं तर थांबा, असे लेक म्हणाली होती, आणि तो थांबला. सोनाई पाच पायऱ्या चढली. पुन्हा थांबली, कमरेवर हात ठेवून. बनाच्या कडेला लाल कापड दिसले, मग दुसरे, मग संगिनीचे टोक. सोनाईने आणखी तीन पायऱ्या घेतल्या. तिच्यात आणि दारात पंचवीस पायऱ्या उरल्या होत्या.

“नाईक,” चिटणीस म्हणाला, “तुम्ही घाला. माझे हात...”

“माझ्या हातानं नाय व्हायचं त्ये,” धावजी म्हणाला. “भन हाय माझी.”

तेव्हा चिटणिसाने फट मिटवली आणि ज्या हाताने आजवर लेखणीहून जड काही फारसे उचलले नव्हते, त्या हाताने अडसर दोन्ही खोबण्यांत बसवला.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. “नायका, मी सोनाई. दार का रं लावलं? पोरगी आडलीया.”

चिटणिसाने फळीला तोंड लावले. “सोनाई, मागे बघ.”

बाहेर काठी दगडावर वळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “लावलंस ते बरं केलंस, बाबा.” आणि जरा थांबून, “मी सटवाईच्या देवळीत शिरते. धोंडं सोडा.”

दाराबाहेर डाव्या अंगाला सटवाईची कोरीव देवळी होती, एक बाई मुटकुळे करून मावेल एवढी. धावजीच्या पोरांनी वर रचून ठेवलेले धोंडे ढकलले, आणि पुढचा घटकाभर त्या वाटेवर जे झाले त्याचे वर्णन नको. सुईणीच्या वाटेने गडावर जीव येत, त्या दिवशी तिथून जीव गेले. उरलेले लाल डगलेवाले बांबूच्या बनात दबून राहिले आणि तिथून दारावर गोळ्या झाडू लागले. दिंडी आता उघडता येत नव्हती. दोन हातांवर सुईण बसली होती, आणि दोनशे हातांवर बाळंतीण.

मग सोनाई देवळीतून ओरडून सांगू लागली. आडवं मूल कसं फिरवायचं, हात कसे तेलानं भिजवायचे, पोटाला कुठून कुठे चोळायचं, बाईला गुडघ्यांवर कसं धरायचं. धावजीचा थोरला पोरगा एकेक निरोप तोंडात धरून खोलीकडे धावे आणि तिकडची हकीकत घेऊन परत येई. गोळ्यांच्या आवाजात ती हकीकत चिटणीस फळीला तोंड लावून बाहेर सांगे. मूल फिरलं. डोकं दिसतंय. तिसऱ्या प्रहराच्या सुमाराला पोरगा आला तो हसत आला. मुलगी झाली, रडली.

चिटणिसाचा हात सवयीने अडसराकडे गेला. मूल रडले की अडसर घालायचा असतो. तो घातलेलाच होता.

पुढचा निरोप यायला मात्र उशीर लागला. रक्त थांबत नाही, काय करावं, असे बायकांनी विचारले होते. सोनाईने सांगितले ते ऐकून पोरगा पळाला. पुन्हा आला तेव्हा चालत आला, आणि त्याला काही विचारावे लागले नाही. बाहेरून सोनाई विचारीत राहिली, “काय झालं? आरं, काय झालं? बोला की कुनी.”

सांजेला बनातली माणसे परतली. दिंडी उघडली, सोनाई आत आली, खोलीत गेली, सगुणेच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली. पाच बोटांचं काम होतं, एवढेच ती म्हणाली. ते तिने कोणाला लावून म्हटले नव्हते. पण चिटणिसाने ते ऐकले, आणि मरेपर्यंत ऐकले.

गड आणखी नऊ दिवस लढला. दहाव्या दिवशी वरून, ज्यांच्या नावाने तो लढत होता त्यांच्याच शिक्क्याचे पत्र आले: तह झाला आहे, काळंबगड टोपीकरांच्या हवाली करावा. हैबतरावांनी पत्र दोनदा वाचून घेतले. त्यांनी चिटणिसाचा निवाडा कधीच केला नाही. निवाडा करायला गडच उरला नव्हता. हत्यारे ठेवून साठातली एकेचाळीस माणसे महादरवाजातून खाली उतरली. चिटणीस सगळ्यांच्या मागे होता, दहा दिवसांची नात पंच्यात गुंडाळून, आणि बायका त्याच्यापासून चार पावले दूर चालत होत्या.

पायथ्याशी मर्विन साहेबाने त्याला तंबूत बोलावले, उठून उभे राहून आसन दिले. लढाईत जे झाले ते झाले, त्याला मनापासून खेद आहे, असे तो म्हणाला, आणि कदाचित ते खरेही असेल. मग त्याने वही पुढे ठेवली. तिचे इंग्रजीत भाषांतर झाले होते, विलायतेत छापायला जायचे होते. या मुलखाची भूमी, इतिहास आणि माणसे यांची तिकडे पहिलीच ओळख होणार होती. एवढी एकच शंका होती.

“सुईणीच्या वाटेचे प्रकरण,” साहेब म्हणाला. “आपण लिहिता, दार कधीच लावीत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा ते लावलेले होते. ग्रंथात चूक राहू नये. काय लिहू?”

चिटणिसाने नातीला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतले. मग डोळ्यांवरची चाळिशी काढून ती वहीवर ठेवली.

“चूक नाही, साहेब,” तो म्हणाला. “आमच्या मुलखात बाळंतिणीचे दार कोणी लावीत नाही. लिहिले आहे तसेच राहू द्या.”

“मग त्या दिवशी कोणी लावले?”

“त्याला मुलखात धरू नका.”

वही गेली, छापली गेली, तिकडच्या लोकांनी वाचलीही असेल. चिटणीस आरळवाडीत राहिला, सोनाईच्या शेजारी, कारण नातीला दूध कोणाचे पाजायचे हे तिलाच ठाऊक होते. पुढे त्याने पत्र लिहिले नाही, कोणाला लिहून दिले नाही. पोरीला अक्षरओळख मात्र करून दिली, धुळीत बोटाने. गावात वाघाची भीती होती, चोरांची होती, नंतर नंतर सरकारी शिपायांचीही होती, आणि लोक त्याला सांगून थकले. त्याच्या घराच्या दाराला दोन खोबण्या होत्या. तो गेला तोवर त्यांत अडसर कधी बसला नाही.